समुद्रकांठचें विकाऊ घर व त्याचें दप्तर

(१) प्रस्ताव

समुद्रकांठच्या गांवांतील वडिलोपार्जित घर दुरुस्त करून विकावयास काढल्याच्या जाहिराती हल्लीं नेहमीं वाचनांत येतात. त्यांत जमिनीचें क्षेत्र असतें, खोल्यांची संख्या असते, विहिरीस बारमाही पाणी असल्याचा उल्लेख असतो, कौलें व फरशी नवी घातल्याची ग्वाही असते. आणि शेवटीं 'कागदपत्र स्वच्छ' असे दोन शब्द असतात. इतिहाससंशोधकाच्या दृष्टीनें त्या साऱ्या मजकुरांत महत्त्वाचे शब्द हेच दोन होत. 'स्वच्छ' याचा व्यवहारांतील अर्थ इतकाच कीं, वकिलानें साधारणपणें मागील तीस वर्षांचा शोध घेतला असून त्या अवधींत मालकीची सांखळी तुटलेली नाहीं, व घरावर कोणाचा बोजा नाहीं. त्यापलीकडील कागदांची घेणाऱ्यास गरज पडत नाहीं, देणाऱ्यास ते वाचतां येत नाहींत, आणि दुरुस्तीसाठीं पोटमाळा रिकामा करावयाचा असतो. शंभर-दोनशें वर्षें जपलेले रुमाल रद्दींत जातात ते बहुधा ह्याच वेळीं.

प्रस्तुत लेखांत आमचें म्हणणें एकच आहे. घर व त्याचे कागद हे एकाच पुराव्याचे दोन भाग असून, एकापासून दुसरा तोडला असतां दोहोंचीही किंमत घटते. ही तोड जशी घरमालकाच्या अज्ञानानें होते, तशीच ती आम्हां संग्राहकांच्या हौसेनेंही होते. सबब, कोंकण किनाऱ्यावरील घरविक्रीचे कागद कोणत्या प्रकारचे असतात, ते कसे वाचावे, दुरुस्तींत घराचा कोणता पुरावा नाहींसा होतो, व अशा प्रसंगीं आपण काय करावें, याचा थोडक्यांत परामर्श घेण्याचें योजिलें आहे.

(२) एक किनारा, अनेक अंमल

देशावरील घराचे कागद चाळणाऱ्यास कोंकणचे कागद हातीं आले म्हणजे प्रथम जी अडचण पडते ती अंमलाची. देशावर सामान्यतः पेशवाई व तिच्यामागून इंग्रजी अशी सरळ विभागणी करितां येते. किनाऱ्यावर तसें नाहीं. दहा कोसांवरील दोन बंदरांत एकाच वर्षीं दोन निराळे अंमल, निराळीं नाणीं व निराळे शिक्के असूं शकतात. म्हणून कागद वाचण्यापूर्वीं तो ज्या गांवचा, त्या गांवचा अंमल पाहणें अवश्य होय.

वसई इ. स. १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. त्या वर्षीं ती मराठ्यांनीं घेतली. चौल-रेवदंडा १७४० त मराठ्यांकडे आला. त्यापूर्वींचे तेथील जमीनजुमल्याचे सरकारी लेख पोर्तुगीज भाषेंत असावयाचे, व त्यांचा माग गोव्याच्या दप्तरखान्यांत काढावयाचा. हा दप्तरखाना १५९५ त स्थापन झालेला आहे. बाणकोट १७५६ पासूनच इंग्रजांकडे गेलें, म्हणजे त्याच्या आसपासच्या मुलखांत पेशव्यांचा अंमल चालू असतां त्या एका ठिकाणीं कंपनीचा अंमल होता. रत्नागिरी १८१८ त पेशवाईबरोबर इंग्रजांकडे आली. परंतु मालवण व वेंगुर्लें हीं बंदरें त्याआधीं सहा वर्षें, १८१२ त, अनुक्रमें कोल्हापूरकर व सावंतवाडीकर यांजकडून कंपनीकडे आलेलीं होतीं. अलीबाग मात्र १८४० पर्यंत आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानांत राहिलें. मुरूड व श्रीवर्धन हीं जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानांत, आणि वाडीचा मुलूख सावंतांच्या संस्थानांत, हीं दोन्ही संस्थानें १९४८ त विलीन होईपर्यंत होतीं. गोव्याचा पोर्तुगीज अंमल तर डिसेंबर १९६१ मध्यें संपला.

यावरून उघड होईल कीं, १८३० सालचें म्हणून एखादें घरविक्रीचें खत दाखविलें, तर तें वेंगुर्ल्याचें असल्यास कंपनी सरकारच्या मुद्रांकाचा प्रश्न उत्पन्न होतो, व अलीबागचें असल्यास होत नाहीं. अलीबागच्या त्या सालच्या खतावर इंग्रजी मुद्रांक दिसला, तर तो कागद संशयित समजून पुढें तपासावा. उलट, श्रीवर्धनच्या विसाव्या शतकांतील कागदावर इंग्रजी मुद्रांक नाहीं एवढ्यावरून तो खोटा ठरत नाहीं.

गोव्याकडील कागदांचा एक विशेष येथेंच सांगून ठेवतों. १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा तेथें १८७० पासून लागू झाला, व त्यानें पतिपत्नींची मिळकत सामान्यतः समाईक मानली. त्यामुळें तेथील घराच्या विक्रींत नवऱ्याबरोबर बायकोची संमति व सही लागते. रत्नागिरीकडील त्या काळच्या खतांत घरच्या स्त्रियांची नांवें बहुधा विधवा किंवा वारस या नात्यानेंच येतात; गोव्याच्या दस्तांत त्या मालक म्हणून येतात. कुलवृत्तान्त लिहिणारांनीं हा भेद अवश्य ध्यानांत घ्यावा.

जिल्ह्यांचीं नांवेंही बदललेलीं आहेत. कुलाबा जिल्ह्याचें रायगड हें नांव १९८१ तलें. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा त्याच वर्षीं रत्नागिरींतून निघाला. म्हणून वेंगुर्ल्याच्या किंवा मालवणच्या जुन्या दस्तावर 'जिल्हा रत्नागिरी' असें आढळल्यास घोंटाळण्याचें कारण नाहीं.

(३) खरेदीखत कसें वाचावें

घराचें जुनें मराठी खरेदीखत बहुधा मोडींत, हातकागदावर, काजळाच्या शाईनें लिहिलेलें असतें. त्याचीं अंगें पुढीलप्रमाणें पाहावींत.

मिति. शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथि व वार अशी ही रचना असते. पुष्कळदां तिच्याबरोबर अरबी शब्दांनीं सांगितलेला सुहूर सनही असतो. यांतील एका अंगानें दुसऱ्याची परीक्षा करितां येते. शकांत १२ मिळवून ६० नीं भागावें. जी बाकी राहील तितकावा संवत्सर प्रभवापासून मोजावा. शके १७३२ घेतला तर १७४४ होतात, बाकी ४ राहते, व चौथा संवत्सर प्रमोद हा येतो. सुहूर सनांत ज्येष्ठाच्या सुमारापासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढें नवा सन लागेपर्यंत ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. 'इहिदे अशर मयातैन व अलफ' म्हणजे एक, दहा, दोनशें व हजार मिळून १२११. यांत ५९९ मिळवितां १८१० होतात, आणि शके १७३२ चा इसवी सनही तोच. असा मेळ बसला म्हणजे मितीपुरती शंका राहात नाहीं. मेळ न बसल्यास मात्र कागद लागलाच टाकूं नये. नक्कल करणाऱ्याच्या हातूनही आंकडा चुकतो. नक्कल व अस्सल यांचा भेद प्रथम ठरवावा.

घेणार व देणार. यांच्या नांवाबरोबर आडनांव, उपनांव, वतन, वस्ती व कसब हीं येतात. बंदराच्या गांवांत हा भाग विशेष उपयोगी. सोनार, तेली, वाणी, खारवी, भंडारी, सराफ हे कोणत्या आळींत राहात व कोणाचें घर कोणाकडे गेलें, हें एका खतावरून कळत नाहीं. परंतु एकाच आळींतील पांचसहा खतें लागोपाठ लाविलीं म्हणजे त्या आळीचा इतिहास आपोआप उभा राहतो.

विकण्याचें कारण. पुष्कळ खतांत देणें झाल्याचा, लग्नकार्याचा किंवा परगांवीं वस्ती केल्याचा उल्लेख असतो. तो ठराविक सांचाचा समजून सोडूं नये. ज्या कुटुंबाचें खत त्याच कुटुंबाचे कर्जरोखे रुमालांत असतील, तर त्या कारणाचा खरेखोटेपणा तेथल्या तेथें ठरतो. येथें आणखी एक सावधगिरी सांगावयाची ती अशी कीं, रूपानें खरेदीखत असलेला प्रत्येक कागद विक्रीचा नसतो. अमुक मुदतींत रक्कम परत केल्यास घर माघारी द्यावें, अशी अट खतांत किंवा निराळ्या चिठींत असली, तर तो व्यवहार वस्तुतः गहाणाचा असूं शकतो. ती चिठी रुमालांतून वेगळी झाली कीं, गहाणाचे रूपान्तर वाचणाऱ्याच्या मनांत विक्रींत होऊन बसतें.

खण. जुन्या खतांत घराचें माप चौरस फुटांत नसून खणांत असतें. दोन खांबांमधील अंतर तो खण. 'सात खणांचें घर, पुढें ओटी, मागें पडवी' एवढ्या शब्दांत घराचा सांगाडा सांगितला जातो. हा आंकडा नुसत्या कागदावर निर्जीव आहे. घरांत उभें राहून खांब मोजल्यावांचून त्याचा अर्थ लागत नाहीं.

चतुःसीमा. खताचा जीव येथें आहे. पूर्वेस अमक्याचें घर, दक्षिणेस पाखाडी, पश्चिमेस समुद्राची पुळण, उत्तरेस अमक्याचा गडगा, अशा चार सीमा दिलेल्या असतात, आणि आंतील माड, पोफळी, विहीर, तिच्यावरील पाण्याचा हक्क व जाण्यायेण्याची वहिवाट यांचीही नोंद असते. इनामी सनदांतील 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप' ही परंपरागत यादी कांहीं ठिकाणीं साध्या घराच्या खतांतही शिरलेली दिसते. तिच्यावरून घरांत पुरलेलें धन होतें असा तर्क करूं नये.

रक्कम. १८३५ च्या कायद्यानें कंपनीनें १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया चालू केला. त्यापूर्वींच्या खतांत रुपया कोणता हें सांगावें लागे : सुरती, चांदवडी, अंकुशी, व त्यांवरील बट्टा. दोन खतांतील किंमतींची तुलना करणारानें नाणें न पाहतां केवळ आंकडे समोरासमोर मांडले, तर घराची किंमत चढली कीं नाण्याची उतरली, हें त्यास कधींच कळणार नाहीं.

हमी. भाऊबंद, दाईज, वारस यांपैकीं कोणी उभा राहून अडथळा करील तर त्याचें निवारण देणारानें करावें, असें कलम असतें. व पुष्कळदां भाऊबंदांच्याच साक्षी घातलेल्या असतात. ह्या साक्षींवरून त्या दिवशीं कुटुंबांतील कोण हयात होते, कोण विभक्त होते, याचा पक्का पुरावा मिळतो.

साक्ष व निशाणी. ज्यास अक्षर येत नसे तो निशाणी करी. पाटलाचा व कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा, अशा त्या असत. नकलेंत त्या पुष्कळदां शब्दांनीं सांगितलेल्या असतात, अस्सलांत काढलेल्या असतात. अस्सल ओळखण्याची ही एक सोपी खूण आहे.

येथें एक गोष्ट विसरूं नये. घराच्या विक्रीस लेख असलाच पाहिजे हें बंधन फार जुनें नव्हे. १८६४ च्या कायद्यापासून ठराविक दस्तांची नोंदणी सक्तीची झाली. परंतु तो नियम दस्त झाला असेल तर त्यास लागू. मिळकत हस्तांतराचा १८८२ चा कायदा मुंबई इलाख्यांत १ जानेवारी १८९३ पासून चालू झाला, व तेव्हांपासून शंभर रुपयांच्या व त्यावरील स्थावराची विक्री नोंदलेल्या लेखावांचून होईनाशी झाली. यास्तव, त्यापूर्वीं एखाद्या घराचें खरेदीखत सांपडत नाहीं म्हणजे विक्री झालीच नाहीं, असें अनुमान काढणें धाडसाचें होय. विक्री तोंडी झाली असेल, आणि तिचा पुरावा खतांत नसून घरपट्टीच्या पावत्यांवरील बदललेल्या नांवांत असेल.

(४) घर कसें वाचावें

खत हातीं धरून घराकडे जावें. समजा, खतांत सात खण लिहिले आहेत व घरांत नऊ भरतात. मग दोन खण मागाहून जोडलेले असले पाहिजेत, व त्या सांध्याची खूण भिंतींत, तुळयांच्या जोडांत किंवा खांबांखालील तळखड्यांच्या घडणींत सांपडली पाहिजे. समजा, खतांत पश्चिमेस पुळण आहे व आज तेथें सडक आणि सडकेपलीकडे माडांची ओळ आहे. मग एकतर किनारा पुढें सरकला, किंवा पुळणीचा भाग भरून काढला, किंवा घराची मूळ जागा ही नव्हेच. तिन्ही शक्यता जागेवर तपासतां येतात. कागदावर एकही तपासतां येत नाहीं.

दुरुस्ती ह्या खुणा कशा पुसते तें पाहूं. कोंकणांतील जुन्या घराची भिंत जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची, मातींत किंवा चुन्यांत बांधलेली, व वरून चुन्याचा गिलावा केलेली असते. हल्लीं तिच्यावर सिमेंटाचा गिलावा चढवितात. त्यानें चिऱ्यांचे सांधे, बुजविलेल्या खिडक्या, जुने कोनाडे व वाढविलेल्या खणाची रेघ हीं सर्व एकदम झांकून जातात. शिवाय जांभा सच्छिद्र असल्यामुळें त्यांतील ओल चुन्याच्या गिलाव्यांतून बाहेर पडते, ती घट्ट सिमेंटाखालीं कोंडते. म्हणजे पुरावा जातो व भिंतही बिघडते. मालकास पहिली गोष्ट पटत नसली तरी दुसरी पटते. संशोधकानें तीच पुढें करावी.

छपराविषयीं एक गैरसमज वारंवार आढळतो. मंगळुरी कौलावर १८६५ हा आंकडा उठविलेला पाहून घर त्या सालीं बांधलें, असें सांगण्यांत येतें. बासेल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला तें तें साल; कौल भाजल्याचें नव्हे. हा आंकडा पुढें कित्येक वर्षें कौलांवर उठत राहिला. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, तेव्हां त्या ट्रस्टचें नांव असलेलें कौल त्यानंतरचें होय. एवढें निश्चित म्हणतां येईल कीं, मंगळुरी कौलांचें छप्पर १८६५ पूर्वींचें असूं शकत नाहीं. परंतु त्याखालील घर असूं शकतें, कारण नळ्यांचीं किंवा गवताचीं छपरें काढून हीं कौलें मागाहून घालण्याची चाल सर्वत्र पडली. म्हणून छप्पर उतरतांना जुन्या कौलांचा एक-एक नमुना शिक्क्यासह ठेवावयास सांगावें. ती मागणी कोणी नाकारीत नाहीं.

लांकूडकामाचीही तीच गोष्ट. जुनी तुळई काढून दुसरीकडे बसविली तर तिच्यांतील मोकळीं राहिलेलीं भोकें व खांचा पूर्वीच्या रचनेची साक्ष देतात. ती रंधून गुळगुळीत केली कीं साक्ष संपली. दाराच्या चौकटीवरील, तुळशीवृंदावनावरील किंवा विहिरीच्या कठड्यावरील शक पुष्कळदां रंगाच्या थराखालीं बुजतो. तो आधीं वाचून घ्यावा, व तो घराचा कीं केवळ त्या वस्तूचा, याचा विचार खताशीं ताडून करावा.

(५) कायद्याचें साह्य

कागद वांचविण्यास कायदा प्रतिकूल आहे अशी समजूत आहे. वस्तुतः तो पुष्कळ अंशीं अनुकूल आहे.

१८८२ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें पूर्ण किंमत मिळाल्यावर देणारानें आपल्या ताब्यांतील त्या मिळकतीचे सर्व मालकीचे लेख घेणाराच्या स्वाधीन करावयाचे असतात. मिळकतीचा कांहीं भाग त्यानें स्वतःकडे ठेविला असेल तर लेख त्याच्याकडे राहूं शकतात. आणि एकाच मिळकतीचे तुकडे अनेकांस विकले तर सर्वांत अधिक किंमतीचा तुकडा घेणारास ते मिळतात. याचा अर्थ, जुने लेख घराबरोबर जावे हीच कायद्याची इच्छा. आणि आमच्या शोधाचा मार्गही त्यांतूनच निघतो : मूळ वाड्याचे चार तुकडे झाले असतील, तर रुमाल कोणाकडे असेल याचें पहिलें अनुमान सर्वांत मोठ्या तुकड्याच्या मालकाकडे जातें.

दुसरें, नोंदणीच्या १९०८ च्या कायद्याप्रमाणें स्थावराच्या दस्तांचें पहिलें पुस्तक व त्याच्या सूची फी भरून कोणासही पाहतां येतात व नकला घेतां येतात. घरचें खत नाहींसें झालें असलें, तरी नोंदणीच्या काळांतील त्याची नक्कल कचेरींत असावयाची. तेथील जुन्या पुस्तकांत मोडी आढळते, व ती वाचणारे कमी होत चालले आहेत. मोडीवाचकांनीं आपला वेळ द्यावा अशी ही जागा आहे.

तिसरें, व आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचें ९० वें कलम, जें १ जुलै २०२४ पासून चालू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांत ९२ वें कलम म्हणून राहिलें आहे, असें सांगतें कीं, तीस वर्षांचा कागद 'योग्य ताब्यांतून' पुढें आला असेल, तर त्यावरील सही व अक्षर खरें आहे असें न्यायालयास गृहीत धरतां येतें. ज्या घराचा कागद त्या घरच्या मालकाकडून आला तर तो योग्य ताबा. बाजारांत हातोहात फिरून आला, तर ताब्याचा खुलासा करावा लागतो. इतिहासाचा नियम याहून निराळा नाहीं. कागद काय सांगतो ह्याच्या आधीं तो कोठून आला हें विचारावें लागतें, आणि 'अमुक गांवीं, अमुक घराच्या पोटमाळ्यावर, अमुक रुमालांत' हें उत्तर गेलें, म्हणजे उरतो तो कुतूहलाचा तुकडा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. किनारा नियमनाची अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजीं निघाली, व भरतीरेषेजवळच्या बांधकामावर बंधनें आलीं. खेड्यांच्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशें मीटरांच्या आंत नव्या इमारतीस मनाई, पण अधिकृत जुन्या घराची, त्याचें जोतें न वाढवितां, दुरुस्ती करण्यास मोकळीक, असा तिचा रोख होता. म्हणून अशा घराचा मालक तें १९९१ पूर्वीं उभें होतें हें दाखविणाऱ्या घरपट्टीच्या पावत्या जिवापाड जपतो, आणि त्याच रुमालांतील शके १७३२ च्या खतास हात लावीत नाहीं. त्यास एवढेंच समजावून द्यावें कीं, घराचें जुनेपण सांगणारा कागद जितका जुना तितका त्याच्याही उपयोगाचा. रुमाल फोडून अर्धा टाकण्यांत त्याचें हित नाहीं.

(६) संग्राहकांचें कर्तव्य

घर विकतांना होणारी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. १९५६ चा हिंदु वारसा कायदा व त्यांतील २००५ ची दुरुस्ती यांमुळें वडिलोपार्जित घराच्या दस्तावर मुलगे, मुली, पुतणे, नातवंडें अशा अनेकांच्या सह्या लागतात. मुंबई, पुणें, बडोदें, परदेश, येथें पांगलेलें सर्व कुळ त्या निमित्तानें एकदां एकत्र येतें, आणि बहुधा तें शेवटचेंच. कोणाकडे जन्मपत्रिकांची पेटी, कोणाकडे जमाखर्चाच्या वह्या, कोणाच्या स्मरणांत जुन्या आळीचें नांव; हें सर्व एका जागीं मिळण्याचा तो दिवस असतो. त्यानंतर माणसें परततात, घर दुसऱ्याचें होतें, आणि विचारावयाचें तर कोणास विचारावें, हाच प्रश्न उरतो.

अशा प्रसंगीं आजपर्यंत संग्राहक काय करीत आले ? दलालाकडून निरोप येतो, संग्राहक जातो, मोर्तबाची सनद, चांगल्या अक्षराची पोथी, एखादें चित्र, एवढें निवडून घेतो. खतें, कर्जरोखे, पावत्या, जमाखर्च हे 'किरकोळ' म्हणून तेथेंच राहतात व महिन्याभरांत रद्दींत जातात. सनद वांचली खरी. परंतु ती ज्या घरास, ज्या जमिनीस व ज्या कुळास लागत होती, तें सांगणारे कागद गेल्यामुळें तीही मुकी झाली. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ त 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड काढला, तेव्हांपासून खासगी घरांतील दप्तरें हाच मराठ्यांच्या इतिहासाचा मोठा आधार ठरला आहे. तो आधार दप्तरें दप्तर म्हणून मिळालीं त्यामुळें. सुटीं पानें मिळून नव्हे.

सबब, पुढील पद्धति सर्व सभासदांनीं व संग्राहकांनीं पाळावी अशी आमची सूचना आहे. रुमाल सोडण्यापूर्वीं तो घरांत कोठें होता हें लिहावें व छायाचित्र घ्यावें. कागद ज्या क्रमानें बांधलेले असतील त्या क्रमानेंच त्यांस आंकडे द्यावे; तिथिवार लावण्याची घाई करूं नये, कारण बांधणारानें ते एकत्र कां ठेविले हाच पुष्कळदां अर्थाचा धागा असतो. प्रत्येक कागदाची एका ओळीची यादी करून तिची एक प्रत मालकास द्यावी. मालक कागद देण्यास नाखूष असेल तर आग्रह धरूं नये. छायाचित्रें घेऊन अस्सल घराबरोबर जाऊं द्यावें, व नव्या मालकाचें त्याकडे लक्ष वेधावें. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावूं नये, व तो प्लास्टिकांत उष्णतेनें सीलबंद करवूं नये. दोन्ही उपाय कागद कायमचा बिघडवितात. खाऱ्या दमट हवेंत कसर व वाळवी यांपासून जपावयाचें तर पेटी भिंतीपासून व जमिनीपासून दूर ठेवणें व पावसाळ्यानंतर उघडून पाहणें, हाच जुना उपाय अद्याप उत्तम आहे. आणि पंचाहत्तर वर्षांवरील ऐतिहासिक हस्तलेख १९७२ च्या पुरावस्तु कायद्याखालीं येत असून ते खासगी रीतीनें देशाबाहेर नेतां येत नाहींत, हें परदेशस्थ वारसांस वेळींच सांगावें.

याबरोबर घराचेंही टिपण करावें : खणांचा नकाशा, तळखड्यांचीं व तुळयांचीं छायाचित्रें, कौलांचे शिक्के, कोरलेले शक, आणि आजच्या चार सीमा. हें काम एका दिवसाचें आहे, व तें गिलावा चढण्यापूर्वीं केलें तरच उपयोगाचें. घरें विकलीं जाऊं नयेत, किंवा तीं पडकींच राहावींत, असें आमचें म्हणणें नाहीं. राहावयास माणूस नसलेलें घर दोन पावसाळ्यांत बसतें. तें कोणी घेऊन नीट केलें तर आनंदच आहे. नव्या धन्याच्या हातीं किल्लीबरोबर जुना रुमालही पडावा, व त्या रुमालाची यादी मंडळाच्या दप्तरीं असावी, इतकीच आमची अपेक्षा आहे.

किनाऱ्यावरील ज्या सभासदांच्या आळींत अशी विक्री चालू असेल, त्यांनीं दस्ताची तारीख ठरण्यापूर्वीं आम्हांस कळविल्यास मोडीवाचक पाठविण्याची व्यवस्था करण्याचा प्रयत्न करूं. नोंदणी होऊन गेल्यावर कळविलें, तर बहुधा नोंदणीच्या पुस्तकांतील नकलेवरच समाधान मानावें लागेल.